सत्तावीस चौदा

विठूतात्या पोतदारांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी माझी चौघांशी ओळख करून दिली. "हे भिवा पवार, वाईकडचे. हे मारुती साळुंखे. हे हवालदार गायकवाड, जरा तापट आहेत, पण मनात काही ठेवत नाहीत. आणि हे आमचे धोंडीबा जाधव. घरातले सगळ्यात जुने." प्रत्येक नावासरशी मी मान वळवून पाहत होतो. खोलीत तात्या होते, मी होतो आणि तुळईवर एक पाल होती. "अहो मास्तर, राम राम म्हणा की," तात्या म्हणाले. कुणाला म्हणावं ते न सुचून मी पालीकडे बघून हात जोडले.

खोल्या भाड्यानं घ्यायला आलेला शहाणा माणूस अशा वेळी काढता पाय घेतो. पण मला साताऱ्यातल्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती, लग्नही नुकतंच झालं होतं, आणि तात्यांच्या माडीवर उजेड भरपूर होता. मी मुकाट्यानं सामान आणलं. पहिल्याच आठवड्यात कुमुद, म्हणजे आमची ही, मला म्हणाली, "खाली कोण पाहुणे आलेत हो? तात्या केव्हापासून बोलतायत." मी जिन्यात वाकून पाहिलं. तात्या एकटेच बसले होते. बोलायचे, थांबायचे, "हं, हं" करायचे, आणि मधेच हसायचे. एकट्यानं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आमचे हेडमास्तर त्यांतलेच. पण एकट्यानं बोलणारा माणूस समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबत नाही. तात्या थांबत होते. मी वर येऊन कुमुदला सांगितलं, की पाहुणे आहेत, ओळखीचे आहेत.

पाहुणे एका शिसवी डब्यात राहत होते. तात्या जातीचे आणि धंद्याचे सोनार. चीनच्या लढाईनंतर सरकारनं सोन्यावर बंधनं आणली तसं त्यांचं आधीच मंद चाललेलं दुकान बंद झालं, आणि दागिन्यांच्या त्या डब्याच्या कप्प्यांत आता एकेक चांदीचा बिल्ला होता, सोनारी गुलाबी कागदात गुंडाळलेला. पहिल्या महायुद्धात गेलेल्या शिपायांना सरकारनं दिलेले हे बिल्ले. एका बाजूला दाढीवाल्या राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. मी राजाचं तोंड न्याहाळायला लागलो की तात्या माझ्या मनगटावर चापट मारायचे. "कड बघा, कड! तोंड राजाचं असतं, माणूस कडेला असतो."

आणि खरंच होतं ते. बिल्ल्याच्या जाडीवर, भिंग लावल्याशिवाय दिसणार नाही अशा बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असायची. गाव मात्र नसायचं. "सरकारला गावाशी काय करायचंय?" तात्या म्हणायचे. "गाव आपण शोधायचं." गेली कित्येक वर्षं ते हेच करत होते. माणूस शोधायचा, त्याचं घर शोधायचं, आणि बिल्ला घरच्यांच्या हातावर ठेवून यायचं. मेडल हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "माणूस" म्हणायचं. "परवा एक माणूस घरी पोचवला," असं ते म्हणायचे, आणि कट्ट्यावर बसलेला नवखा माणूस जरा सरकून बसायचा.

पावसाळ्यात चांदी काळी पडते हे मला ठाऊक आहे. पण "आज भिवाच्या छातीत कफ झालाय" असं म्हणून तात्या रिठ्याचं पाणी करायला लागले, की मला माझ्याच ज्ञानाचा भरवसा वाटेनासा व्हायचा. एकदा रिठ्यानंही भिवाचा काळेपणा जाईना. "घरी काहीतरी झालंय," तात्या म्हणाले. त्यानंतर चार दिवसांनी वाईकडचा एक तरुण पत्ता विचारत दारात उभा राहिला. आजोबांचा बिल्ला इथं आहे असं कुणाकडून कळलं होतं, आणि बाप मरताना म्हणाला होता, आजोबाला घरी आणा. पोरगा बिल्ला घेऊन गेला. कुमुदनं त्या दिवसापासून डब्यावरून हात फिरवून धूळ पुसणं बंद केलं. मी अर्थातच असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. मीही डब्याला हात लावत नव्हतो एवढंच.

सगळंच काही अंगावर काटा आणणारं नव्हतं. एका गावी तर तात्या सांगावा ऐकून मला घेऊन मुद्दाम गेले, तेव्हा बिल्ला आधीपासूनच देव्हाऱ्यात होता. आपल्याकडे घरातला पुरुष लढाईत पडला तर त्याचा चांदीचा टाक करून देवांत बसवतात. या घरानं टाक करायचे कष्ट वाचवून सरळ बिल्लाच बसवला होता, राजाचं तोंड वर करून. पिढीभर हळदकुंकू लागून बादशहाची दाढी पार केशरी झाली होती. घरचा म्हातारा अभिमानानं म्हणाला, "आमचा बा ह्यो. बगा, नाक कसं माज्यावाणी हाय!" तात्यांनी वाकून पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि मला कानात म्हणाले, "मास्तर, आहे हो." मीही पाहिलं. नाक खरोखरच तसं होतं.

हे वेड लागलं कसं, ते तात्यांनी मला एकदाच सांगितलं. लढाई संपल्यावर गरजेपोटी बायका-म्हातारे हे बिल्ले विकायला आणायचे आणि तात्यांचे वडील ते मोडीत घ्यायचे. तात्या तेव्हा पोरसवदा, शाळेत इंग्रजी अक्षरं शिकत होते आणि घरी भाता ओढत होते. एके दिवशी मुशीत टाकलेला बिल्ला कडेवर उभा राहिला. लालबुंद कडेवरची अक्षरं पोरानं एकेक करून वाचली आणि वाचता वाचता ती खचत गेली. "बापाला म्हटलं, यात माणूस आहे. बाप म्हणाला, चांदीला नाव नसतं, भाता मार. मी मारला. दुसऱ्या दिवशी आणखी एक बिल्ला आला, तो मी कोळशाच्या पाटीत लपवला. तेच हे धोंडीबा." बापाचा मार त्यांनी दोनदा खाल्ला, पण धोंडीबाला बाहेर काढलं नाही. पुढे दुकान हाती आलं तेव्हा जो बिल्ला येईल तो डब्यात गेला, मुशीत नाही.

बाकीची माणसं घरी पोचत होती, नवी येत होती, पण धोंडीबा हलत नव्हते. कारण सातारा-सांगलीकडे धोंडी जाधव नाही असं गाव शोधून काढावं लागेल. तात्यांनी एसटीनं सगळा मुलूख पालथा घातला. एका धोंडी जाधवानं तर स्वतःच दार उघडलं, आणि आपल्याला मेलेला समजून कुणी आलंय हे कळल्यावर काठी घेतली. "आता ह्यांना घरी पोचवलं की मी सुटलो," तात्या म्हणायचे. पण म्हणताना डब्याचं झाकण असं हळूच लावायचे, की सुटायची त्यांना घाई असेल असं वाटायचं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. धोंडीबा गेले तर संध्याकाळी "हं, हं" कुणाला करणार?

शेवटी स्टँडवर भेटलेल्या एका पेन्शनरानं बातमी दिली. विट्याच्या पुढं एक वाडी आहे, तिथल्या धोंडी जाधवाचं घर बघा, तो बसऱ्याच्या लढाईत होता. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही निघालो. खरं तर तात्यांना एकट्यानं जाऊ द्यावंसं वाटलं नाही. ते सबंध वाटभर पिशवी मांडीवर घेऊन, खिडकीबाहेर दिसेल ते पिशवीला दाखवत होते.

गाडीतून उतरलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. विहिरीवरच्या माणसाला विचारलं, "धोंडी जाधवांचं घर कुठलं?"

"वरच्या आळीला. हायत की घरात," तो म्हणाला.

तात्या जागच्या जागी थांबले. "कोण आहेत घरात?"

"धोंडीबा. जेवायची येळ झाली न्हवं?" त्यानं मान खाली घातली आणि मोट हाकायला लागला.

पुढं शेण थापणारी एक बाई भेटली. तीही म्हणाली, "हायत, जावा." देवळाच्या पायरीवरचा म्हातारा म्हणाला, "आता हितनंच गेलं घराकडं." मी म्हटलं, तात्या, हा आणखी एक जिवंत धोंडीबा, चला परत, काठी खायची नाही मला. पण तात्यांचा चेहरा उतरला होता. या तिघांपैकी एकानंही सांगताना आमच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

घराच्या अलीकडेच चाळिशीचा एक माणूस लगबगीनं आडवा आला आणि आम्हाला गोठ्याकडे घेऊन गेला. हा धोंडीबांचा पुतण्या, शंकर. तात्यांच्या पिशवीकडे बोट करून तो दबक्या आवाजात म्हणाला, "पाव्हणं, त्यात काय आसंल ते भाईर काढू नगा. काकी घरात हाय."

मग त्यानं सांगितलं ते असं. धोंडीबा लग्नानंतर लगेच लढाईला गेले आणि तिकडेच पडले. बायको अगदी पोरवयाची. "आज्या म्हनला, एवड्या पोरीचं कुकू पुसून तिला कोपऱ्यात बशिवायची? आपल्याच्यानं व्हनार न्हाई. बिल्ला आला तसा त्यानं सातारला निऊन पोतदार सोनाराला घातला, घरात नगं म्हनून. आनि गावाला सांगितलं, माजा धोंडी हाय. तवापास्नं गाव म्हनतंय, हाय."

"आणि काकींना ठाऊक नाही?" मी विचारलं.

"कुनाला ठावं? इचारायचं कुनी?" शंकर म्हणाला. "ओटी भराया, हळद लावाया, गावात पयला मान तिचा. तिच्या हातनं हळद लागली की संसार मोडत न्हाई म्हनत्यात."

तात्यांनी पिशवी छातीशी धरली. इतकी वर्षं शोधलेलं घर पुढ्यात होतं. ज्या सोनाराला बिल्ला घातला तो त्यांचाच बाप होता. आणि आता माणूस घरी पोचवायचा म्हणजे त्या बाईच्या कपाळावरचं कुंकू आपल्या हातानं पुसायचं.

तेवढ्यात आतून हाक आली, "कोन हाय रं शंकर? पाव्हण्यास्नी उनात हुबं का केलंस?"

काकी साठी ओलांडलेल्या, सडपातळ, ताठ. हातभर हिरवा चुडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "बसा. ह्यांचं जेवान चाललंय, मंग तुमाला वाढते," असं म्हणून त्या हसल्या. मी आत पाहिलं. स्वयंपाकघरात भिंतीकडे पाट मांडला होता. पाटापुढं ताट, ताटात भाकरी, शेजारी पाण्याचा तांब्या. पाटावर कुणी नव्हतं. आम्ही ओसरीवर बसलो, शंकर दारात उभा, काकी आमच्यासमोर. थोड्या वेळानं मी पुन्हा सहज पाहिलं, तर भाकरीची कड मोडलेली होती. मांजर असणार. मी मांजर शोधलं. मला दिसलं नाही.

"सातारचं सोनार व्हय?" काकींनी विचारलं. "काय आनलंय?"

तात्या घसा खाकरून म्हणाले, "एक शिपाई आहे आमच्याकडे. घर शोधतोय त्याचं. आपल्या मालकांचं नाव..."

"आता ह्या तोंडानं नाव कसं घिऊ?" काकी नव्या नवरीसारख्या लाजल्या. "आनि पलटनीत तरी नावानं कोन हाक मारीत व्हतं? त्येंच्या नावाचं आनिक दोघं व्हतं. जाताना मला म्हनलं, नाव लय जनांचं असतंय, नंबर माजा एकल्याचा. तवापास्नं बायका हळदीकुकवाला म्हनल्या, नाव घे, की मी नंबर घेते. सत्तावीस चौदा."

तात्यांचा पिशवीतला हात तसाच राहिला. तो नंबर मी स्वतः भिंगातून कितीदा तरी वाचला होता. टू, सेव्हन, वन, फोर. दारातला शंकर माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे.

"बगू तरी," काकींनी हात पुढं केला. तो हात असा समोर आल्यावर नाही म्हणणं जमेना. तात्यांनी बिल्ला दिला. काकींनी गुलाबी कागद सोडवला, राजाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि विचारलं, "काय लिवलंय कडंला?"

तात्यांनी चष्मा पुसला. बिल्ला हातात घेऊन कड उन्हात फिरवली. इतकी वर्षं ज्यांनी मला "कड खोटं बोलत नाही" म्हणून ऐकवलं होतं, ते विठूतात्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "एकतीसशे नऊ. शिपाई सिदू माने."

काकींनी बिल्ला परत घेतला, अंगठ्याचं नख कडेवर ठेवलं आणि पुरी कड एकदा फिरवली, सावकाश. मग पदरानं पुसून, कागदात गुंडाळून तात्यांच्या हातावर ठेवला. "म्हंजी आमचं न्हवं."

"नाही काकी."

"ह्येच्या घरचं कुनी घावलं न्हाई तर?"

"मग आहे तसाच. माझ्याकडे."

"सर्वपित्रीला पान वाढता?"

"वाढतो."

"मीठ जरा जास्ती वाढा," काकी म्हणाल्या. "आनि भाकर बाजरीची. गव्हाची चपाती हातात घेत न्हाईत."

"कोण हो?" मी मूर्खासारखं विचारलं.

"लढाईवरची मान्सं," असं म्हणून काकी ताट उचलायला आत गेल्या.

परतीच्या गाडीत तात्यांनी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. कऱ्हाड मागे पडल्यावर म्हणाले, "मास्तर, आज कड वाचताना माझी नजर चुकली."

"उजेड कमी होता," मी म्हणालो. आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

त्या सर्वपित्रीला तात्यांनी कुमुदकडून बाजरीची भाकरी करून घेतली. मीठ त्यांनी स्वतःच्या हातानं वाढलं, थोडं जास्त. इतर वर्षी कावळ्यासाठी तास तास खोळंबणारे आम्ही, त्या दिवशी पान ठेवून मागं वळलोही नव्हतो, तोच कावळा शिवला.

दोन वर्षांनी, पितृपंधरवड्यात शंकर दारात आला. काकी गेल्या होत्या. गावानं हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, आणि सवाष्ण म्हणूनच पोचवलं. शंकरनं खिशातून एक चिंधी काढली. चिंधीत चांदीची जोडवी होती. "जायच्या आदीच पायातनं काढून ठिवली. म्हनली, ही जळू दिऊ नगा. सातारच्या सोनाराकडं द्या. तितं माजं मानूस हाय."

तात्यांनी डबा उघडला, धोंडीबांच्या कप्प्यात जोडवी ठेवली, पुन्हा बाहेर काढली, उलटसुलट पाहिली. मग फळीवरून धूळ बसलेली कोरणी काढली, चष्मा चढवला आणि शंकरला विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

शंकरनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "काकी," तो म्हणाला. "आमी काकीच म्हनायचो. आयला ठावं आसंल, पर आय न्हाई आता. स-वरनं कायतरी... सोनू का सखू..." तो डोकं खाजवत राहिला. मेलेल्याला गावानं इतकी वर्षं नावानिशी जिवंत ठेवलं होतं, आणि त्याच्यासाठी रोज भाकरी थापणाऱ्या बाईचं नाव कुणालाच सांगता येत नव्हतं.

तात्यांनी जरा वाट पाहिली. मग जोडव्याच्या कडेवर कोरणी टेकवली आणि मराठी आकड्यांत कोरलं, २७१४.

शंकर गेल्यावर ते डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. नवमी दुसऱ्या दिवशीच होती, नवऱ्याच्या आधी अहेव गेलेल्या बायकांची. त्या दिवशी तात्या आपल्या बायकोचं पान वाढायचे. मी म्हणालो, उद्या दोन पानं लागतील. त्यांनी मान हलवली आणि एकदम म्हणाले, "आमची ही गेली, तेव्हा तिची जोडवी मी मोडली, मास्तर. नाव नव्हतं त्यांवर, म्हणून मुशीत घातली. गावाची नावं जपली मी. तिचं घालायला कडेला जागा होती की. सोनार असून घातलं नाही."

तात्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या घरात इतकी वर्षं राहून भिवा, मारुती, हवालदार, सगळे मला पाठ होते, आणि त्या बाईंचं नाव मी कधी विचारलंही नव्हतं.

"काय नाव होतं वहिनींचं?"

तात्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, जणू आत ऐकू जाईल. मग अगदी हळू म्हणाले, "द्वारका."

कुणी न सांगता मी हात जोडले. "राम राम, द्वारकावहिनी."

तुळईवर पाल चुकचुकली. तात्यांनी डोळे पुसले, झाकण लावलं आणि म्हणाले, "ऐकलं तिनं."